उजव्या कोपऱ्यातल्या ताई

लहानपणी ज्यांच्या नावाने ओरडताना माझा घसा बसत असे, त्या कबड्डीपटू ताई मला गेल्या नोव्हेंबरात ठाण्याच्या नौपाड्यातील एका बँकेत भेटल्या. मी आईच्या हयातीच्या दाखल्यासाठी तिच्याबरोबर गेले होते आणि त्या स्वतःच्या दाखल्यासाठी आल्या होत्या. त्यांचे नाव मी येथे लिहिणार नाही, कारण त्यांनी तसे स्पष्ट सांगितले आहे. संघातल्या बाकीच्या मुलींची नावे तेव्हा कोणी छापली नाहीत, मग आता पुन्हा आपले एकटीचेच नाव कशाला, असे त्यांचे म्हणणे होते. या म्हणण्यामागे केवढी गोष्ट दडलेली आहे, हे मला तेथे बसल्या बसल्याच हळूहळू कळत गेले आणि ती गोष्ट लिहून ठेवावी असे तीव्रतेने वाटले, म्हणून हा लेख.

माझे बालपण चरईत गेले. १९८० च्या दशकातल्या ठाण्यात कबड्डी पाहण्यासाठी फार लांब जावे लागत नसे. चरईतच श्री मावळी मंडळासारखी जुनी संस्था होती, शिवाय कळव्यापासून कोपरीपर्यंत गल्लोगल्ली मंडळे होती आणि थंडी सुरू झाली की कोणत्या ना कोणत्या मैदानावर प्रकाशझोतातील सामने लागत. सामन्यांच्या आधी काही दिवस मैदानाची तयारी चाले. मुले माती चाळत, खडे वेचत, पाणी शिंपडून रोलर फिरवत, आणि सामन्याच्या दिवशी दुपारी फक्कीने रेषा आखल्या गेल्या की आम्हा लहान मुलांना त्या मातीवर पाऊल ठेवण्याची सक्त मनाई असे. मोठी माणसे बांबू-फळ्यांच्या गॅलरीत बसत आणि आम्ही दोरीला लागून जमिनीवर बसत असू. अंगावर माती उडे, पण खेळाडूंचा दम आणि चढाई करणाऱ्याच्या पावलांचा आवाज ऐकू येईल इतक्या जवळून खेळ पाहायला मिळे.

महिलांचे सामने संध्याकाळी लवकर उरकले जात आणि त्यानंतर पुरुषांचे मोठे सामने होत. गर्दी खऱ्या अर्थाने नंतरच जमे. माझे बाबा मात्र रेल्वेतली ड्यूटी संपवून थेट मैदानावर येत आणि मला महिलांच्या पहिल्या सामन्यापासून बसवून ठेवत. खेळ कसा पाहायचा हे त्यांनीच मला शिकवले. सगळे लोक चढाई करणाऱ्या खेळाडूकडे पाहतात, परंतु चढाईत काय घडणार हे कोपरा, म्हणजे बचावफळीच्या टोकाला उभा असलेला खेळाडू, ठरवतो, असे ते म्हणत. आपण थोडा वेळ चढाईकडे न बघता फक्त उजव्या कोपऱ्याकडे बघू, असा आमचा एक खेळच असे, आणि अशाच एका संध्याकाळी त्या उजव्या कोपऱ्यात मला ताई दिसल्या.

ताई बुटक्या, रुंद खांद्यांच्या आणि मैदानावर विलक्षण शांत होत्या. मुंबईतल्या एका कार्यालयाच्या संघाकडून त्या खेळत आणि ठाण्यात त्यांचा संघ दरवर्षी येई. बाकीच्या बचावपटू सतत पुढेमागे हलत, टाळ्या वाजवत, एकमेकींना ओरडून सांगत. ताई मात्र गुडघे किंचित वाकवून उभ्या राहत आणि चढाई आपल्या बाजूला येईपर्यंत जणू खेळातच नाहीत, असे वाटे. मग प्रतिस्पर्धी खेळाडूचे पाऊल निदान रेषेच्या, म्हणजे चढाईत ओलांडावीच लागणाऱ्या रेषेच्या, आत पडे आणि पुढच्या क्षणी ताई जमिनीलगत गेलेल्या असत. दोन्ही हातांत घोटा, हनुवटी मातीला टेकलेली. घोट्याची पकड इतरांनीही केलेली मी पाहिली आहे, पुढे दूरचित्रवाणीवर तर शेकडो वेळा पाहिली, परंतु एवढ्या बिनचूक वेळेला केलेली पकड मी अन्य कोणाकडे पाहिलेली नाही आणि हे मी केवळ बालपणीच्या प्रेमापोटी म्हणत नाही.

एका वर्षीचा अंतिम सामना माझ्या मनावर कोरलेला आहे. सामना अगदी संपत आला होता, ताईंचा संघ एका गुणाने पुढे होता आणि समोरच्या संघाची उंच, लांब हातांची खेळाडू शेवटची चढाई घेऊन आली. तिला एक गडी टिपला तर बरोबरी आणि दोन टिपले तर विजय मिळणार होता. ती आधी डावीकडे गेली, तेथे काही जमेना म्हणून वळली आणि उजव्या कोपऱ्यात शिरली. मी दोरीच्या मागे, त्या कोपऱ्यापासून अगदी जवळ बसले होते. ताईंनी घोटा धरला, ती खेळाडू मध्यरेषेच्या दिशेने कोसळली, हात लांबवत राहिली, आणि तिची बोटे रेषेच्या अलीकडेच मातीत रुतली असतानाच तिचा दम तुटला. सरपंचांची, म्हणजे मुख्य पंचांची, शिट्टी वाजली तेव्हा बाबांनी मला खांद्यावर घेतले होते. ध्वनिक्षेपकावरून ताईंचे नाव पुन्हा पुन्हा पुकारले जात होते.

तेच नाव बँकेत पुकारले गेले. खिडकीपलीकडच्या कर्मचाऱ्याने आडनावासह पूर्ण नाव मोठ्याने वाचले, कारण त्या दिवशी टोकनचे यंत्र बंद होते, आणि मी हातातले कागद तसेच धरून उभी राहिले. पांढऱ्या केसांच्या, सुती साडी नेसलेल्या एक बाई उठून खिडकीकडे गेल्या. चालताना उजवा पाय किंचित सांभाळत होत्या, खांदे मात्र तसेच रुंद होते. त्या परत येऊन बसल्यावर मी त्यांच्यासमोर गेले आणि विचारले, "ताई, तुम्ही कबड्डी खेळायचात ना? उजवा कोपरा?"

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि मग म्हणाल्या, "नुसतं कबड्डी खेळायचात का, असं विचारणारे अधूनमधून भेटतात. कोपरा विचारणारी तूच पहिली."

एखाद्या मोठ्या खेळाडूला इतक्या वर्षांनी भेटल्यावर काय बोलावे, याची तयारी कोणाचीच नसते. मी ठाण्यातल्या सामन्यांविषयी, बाबांविषयी भडाभडा बोलत सुटले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मला सुचला नसता असा प्रश्न आईने विचारला. तिने विचारले, "त्या काळात तुम्हाला घरचे सोडायचे का हो? रात्री-अपरात्री परतायचं, हाफ पँट घालून खेळायचं." आईने हे विचारले, कारण मलाही एकदा कबड्डी खेळायची होती आणि आमच्या घरात ते जमले नव्हते.

ताईंनी सरळ उत्तर दिले. त्या परळच्या चाळीत वाढल्या. वडील गिरणीत कामाला होते. गिरणगावात मुलगे कबड्डी खेळत, मुलींनी खेळणे अनेकांना रुचत नसे, आणि त्यांच्या घरीही सुरुवातीला विरोध होताच. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते आणि त्यांच्या वडिलांसारखे हजारो जण पुन्हा कधीच गिरणीच्या आत गेले नाहीत. घरात येणारा पगार थांबला आणि त्यानंतर वर्षभरातच ताईंना खेळाडू म्हणून नोकरी मिळाली. "त्या दिवसापासून घरात कोणी खेळाबद्दल ब्र काढला नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या पकडीवर घर चालत होतं."

मुंबई-ठाण्यातल्या कबड्डीचा इतिहास सांगताना हे फारसे सांगितले जात नाही, असे मला वाटते. आपण मंडळांची, चषकांची आणि अर्जुन पुरस्कारांची नावे घेतो. परंतु बँका, रेल्वे, गोदी आणि मोठ्या कंपन्या खेळाडूंना नोकऱ्या देत, दुपारनंतर सरावाला सोडत, आणि त्या एका सोयीमुळे गिरणगावातल्या कितीतरी मुलांचे, आणि मुलींचेही, आयुष्य उभे राहिले. मुलींच्या बाबतीत तर या नोकरीचे मोल अधिक होते. नोकरी असली की लग्नानंतरही खेळता येई, कारण सासरच्या माणसांनाही पगार दिसत असे. नोकरी नसलेल्या मुलीचा खेळ तिच्या लग्नाच्या दिवशी संपे.

बोलता बोलता मी त्यांच्या पकडीचा विषय काढला, तेव्हा बँकेतल्या त्या बाकावर बसल्या बसल्या त्यांचे हात नकळत पुढे आले. पाय केव्हा धरायचा, असे मी विचारले होते. "पाय येताना धरलास तर ती तो मागे ओढून घेते, आणि जाताना धरलास तर तुलाच ओढून नेते. पाय टेकला आणि त्याच्यावर अंगाचा भार आला की धरायचा. आता भार आला की नाही, हे पायाकडे बघून कळत नाही. कमरेकडे बघायचं. कंबर खाली बसली की पाय अडकला." मी वर्षानुवर्षे सामने पाहत आले आहे, परंतु त्या शांतपणे उभ्या असताना कोठे पाहत असत, हे मला त्या क्षणी प्रथमच कळले.

मग मी त्या अंतिम सामन्यातील शेवटची पकड त्यांना सांगितली. प्रत्येक तपशील सांगितला. चढाई करणारीची उंची, तिचे आधी डावीकडे जाणे, मातीत रुतलेली बोटे, बाबांचा खांदा. ताई ऐकत होत्या, मात्र त्यांच्या चेहऱ्यावर मला अपेक्षित असलेला आनंद नव्हता. माझे बोलून झाल्यावर त्यांनी विचारले, "आणि ती कुठे होती?"

ती म्हणजे साखळीत त्यांचा हात धरून उभी असणारी जोडीदारीण. माझ्या आठवणीत तिला चेहराही नव्हता.

त्या पकडीचा हिशोब ताईंनी मला समजावून सांगितला आणि तो मला येथे नीट मांडायचा आहे, कारण कबड्डी मनापासून पाहणाऱ्यांनाही अशा वेळी तो पटकन सुचत नाही. बचावपटूने चढाई करणाऱ्याला स्पर्श केला आणि पकड सुटून तो मध्यरेषेला पोहोचला, तर त्याला ज्यांचा ज्यांचा स्पर्श झाला ते सगळे बाद होतात आणि तितके गुण जातात. संघ एका गुणाने पुढे होता. ताईंची एकटीची पकड सुटली असती, तर एक गुण जाऊन बरोबरी झाली असती. जोडीदारीण मदतीला धावली आणि तरीही पकड सुटली, तर दोघी बाद होऊन सामनाच गेला असता. म्हणजे तिने मागे राहणे हा तिच्यासाठी सुरक्षित मार्ग होता आणि त्याबद्दल तिला कोणी दोषही दिला नसता. "उंच पोरगी होती, तिला मी एकटी धरूच शकले नसते. मला ओढत घेऊन गेली असती," ताई म्हणाल्या. "मी हाताचं बोट दाबलं, तेवढीच आमची खूण. ती रेषेच्या बाजूने आडवी आली, कंबर धरली आणि सगळा भार अंगावर घेतला. लोकांना खाली घोट्याला धरलेली मी दिसले. मी नुसती कडी होते गं, दार ती होती."

तो भार तिच्या गुडघ्यावर पडला. शिट्टी वाजल्यावर सगळे मैदानात धावले तेव्हा ती उठू शकली नाही, आणि जल्लोषात हे बराच वेळ कोणाच्या लक्षातही आले नाही. आज खेळाडूच्या गुडघ्याचे स्नायुबंध फाटले तर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होते, पुढे अनेक महिने व्यायाम करून घेतले जातात आणि बरेच खेळाडू पुन्हा मैदानात उतरतात. तेव्हा तिला प्लास्टर घालून घरी बसवले गेले. ती संघात पाहुणी खेळाडू म्हणून आली होती, तिला अजून नोकरी नव्हती, आणि पुढच्याच महिन्यात एका कार्यालयाच्या संघासाठी तिची निवड चाचणी होती. ती चाचणी तिला देता आली नाही. वर्षभरात तिचे लग्न झाले आणि ती कोल्हापूरकडे गेली.

हे सांगताना ताईंच्या आवाजात कोणाविषयी तक्रार नव्हती, परंतु त्यांनी ते अतिशय सावकाश आणि काळजीपूर्वक सांगितले. एकही गोष्ट गळू नये, असे त्यांना वाटत असावे. मला त्यांचा जो पराक्रम पाठ होता तो त्यांना दुसऱ्या कोणाचा तरी म्हणून आठवत होता. त्यांच्याविषयीचा माझा आदर त्यामुळे कमी झाला नाही. उलट इतकी वर्षे मी त्यांना केवळ वेळ साधणारी खेळाडू म्हणून ओळखत होते, आणि आपल्या सर्वांत मोठ्या विजयाचे श्रेय इतकी वर्षे दुसरीच्या नावावर जपून ठेवणारी बाई मला त्या बाकावर भेटली.

महिला कबड्डीला पुढे काय मिळाले, याचाही विषय निघाला. पुरुषांच्या कबड्डीला आशियाई क्रीडा स्पर्धेत पदकाचा खेळ म्हणून १९९० मध्ये बीजिंग येथे स्थान मिळाले. महिलांच्या कबड्डीला ते २०१० मध्ये ग्वांगझू येथे मिळाले आणि भारतीय महिलांनी अंतिम सामन्यात थायलंडला हरवून पहिले सुवर्णपदक जिंकले. मधल्या वीस वर्षांत महाराष्ट्रातल्या आणि देशातल्या कितीतरी मुली खेळून निवृत्त झाल्या. ताईंचा सर्वोत्तम काळ १९९० च्या आसपास होता. ग्वांगझूच्या वेळी त्या पन्नाशीला आल्या होत्या. २०१२ मध्ये पाटण्याला महिलांचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताने तो जिंकला, त्या संघात महाराष्ट्राच्या मुली होत्या. त्यांतील अभिलाषा म्हात्रे यांना पुढे अर्जुन पुरस्कारही मिळाला. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि पुरुष खेळाडू घराघरांत पोहोचले. महिलांसाठी २०१६ मध्ये तीन संघांची एक छोटी स्पर्धा त्याच लीगबरोबर घेतली गेली, परंतु ती पुढे चालू राहिली नाही. या सगळ्याबद्दल ताईंना काय वाटते, हे मी विचारले. मला वाटले होते की त्या हळहळतील.

त्यांनी हांगझूच्या आशियाई क्रीडा स्पर्धेतील अंतिम सामन्याची गोष्ट सांगितली. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी भारतीय महिलांनी चायनीज तैपेईला २६–२५ असे एका गुणाने हरवले आणि भारताचे त्या स्पर्धेतले ते शंभरावे पदक ठरले. त्या सकाळी ताई वर्तकनगरच्या घरी आणि जोडीदारीण तिच्या गावी, अशा दोघी आपापल्या दूरचित्रवाणीसमोर बसल्या होत्या आणि फोन सुरू ठेवून पूर्ण सामना एकत्र पाहत होत्या. "शेवटी शेवटी आम्ही दोघी इतक्या ओरडत होतो की शेजारचे बघायला आले," हे सांगताना ताई पहिल्यांदा मनमोकळ्या हसल्या. आपल्याला ती संधी मिळाली नाही, याचे त्यांना दुःख असणारच, पण त्या दिवशी त्यांनी बोलून दाखवला तो केवळ एका गुणाने मिळालेल्या विजयाचा आनंद. आणि एका गुणाची किंमत त्या दोघींपेक्षा अधिक कोणाला ठाऊक असणार?

आईचे काम झाले, त्यांचेही झाले, आणि तरी आम्ही बराच वेळ बसून होतो. निघताना त्यांनी आम्हाला घरी बोलावले आणि पुढच्याच रविवारी आई आणि मी त्यांच्याकडे गेलो. चहा-पोह्यांनंतर त्यांनी कपाटातून एक जुनी फाईल काढली. त्यात प्रमाणपत्रे होती, संघाची काही छायाचित्रे होती, आणि त्या अंतिम सामन्याच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलेले एक कात्रणही होते. छायाचित्रात घोटा धरून पालथ्या पडलेल्या ताई आहेत आणि मध्यरेषेकडे हात लांबवणारी ती उंच खेळाडू आहे. दोघींच्या वरच्या बाजूला चौकट संपते, आणि तेथे चढाई करणारीच्या कमरेभोवती आवळलेले दोन हात कोपरापर्यंत दिसतात. त्या हातांची मालकीण चौकटीबाहेर राहिली आहे. खालच्या ओळीत फक्त ताईंचे नाव आहे.

मी त्या कात्रणाचे मोबाइलवर छायाचित्र घेऊ का, असे विचारले, तेव्हा ताईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, "हे नको. पूर्ण फोटो मिळाला तर बघ."

तो शोधण्याचे काम मी आता हाती घेतले आहे. त्या काळी ठाण्यातल्या सामन्यांना हौशी छायाचित्रकार येत, मंडळाचे कार्यकर्ते आपापल्या कॅमेऱ्याने छायाचित्रे काढत आणि पुष्कळ घरांतल्या जुन्या अल्बममध्ये अशी छायाचित्रे अजूनही असतील. नौपाडा, चरई, उथळसर, कोपरी, कळवा या भागांत १९८० च्या दशकात महिलांचे कबड्डी सामने ज्यांनी पाहिले, किंवा ज्यांच्या घरातले कोणी आयोजनात होते, त्यांनी कृपया एकदा कपाटे पाहावीत. छायाचित्रात पिवळ्या बनियनमधला संघ दिसला आणि बनियनवर पाच आणि नऊ क्रमांक असलेल्या दोन मुली शेजारी हात धरून उभ्या असल्या, तर ते छायाचित्र कितीही पुसट असले तरी मला पाहायचे आहे. पाच क्रमांक ताईंचा आहे आणि नऊ तिचा.